लेकराच्या दम्याच्या पंपाबद्दल, आमच्या मेडिकलवरून औषध नेणाऱ्या आईबापांसाठी

मुलासाठी पंप, कॅप्सूल नाहीतर वाफेचं औषध नेलं की पिशवीत हा कागद टाकलेला असेल. फेकू नका. घरी निवांत बसून वाचा आणि पोराला दिवसभर जी आजी सांभाळते तिला पण वाचून दाखवा, कारण तुम्ही शेतात नाहीतर ड्युटीवर असता आणि पंप शेवटी तिच्याच हातात असतो.

कागद का छापला ते आधी सांगतो. मागच्या पावसाळ्यात एक आजी नातवाला घेऊन आल्या, पोरगं सात वर्षांचं, रात्रभर खोकतंय, औषध चालू आहे तरी काहीच फरक नाही म्हणाल्या. मी विचारलं कसं देता, तर म्हणे सकाळ-संध्याकाळ एक कॅप्सूल पाण्यासोबत गिळायला देते. ती कॅप्सूल गिळायची नव्हतीच, छोट्या मशीनमध्ये टाकून तोंडाने ओढायची होती! दीड महिना औषध पोटात गेलं, छातीत कणभर नाही. आजींचा यात काय दोष, औषध आमच्याच काउंटरवरून गेलं होतं आणि गर्दीत आम्ही कोणी नीट सांगितलं नव्हतं. ती चूक आमची होती, आणि त्या दिवसापासून ठरवलं की पोराचं औषध समजावून सांगितल्याशिवाय हातात द्यायचं नाही.

स्टेरॉईड हा शब्द

डॉक्टरांच्या तोंडून हा शब्द निघाला की घरात सगळे घाबरतात. काउंटरवर रोज कोणीतरी विचारतं, "भाऊ, पोऱ्याले पंपनी सवय लागी जाई ना?" नाही लागत. चष्म्याची सवय लागते असं आपण म्हणतो का, डोळ्याला गरज असते म्हणून लावतो, तसंच हे. आणि जिममधली पोरं बॉडीसाठी जे घेतात ते स्टेरॉईड वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

दम्यात छातीतल्या बारीक श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात, लाल, चिकट, जरा धूळ गेली की आवळतात. पंपातलं स्टेरॉईड, म्हणजे ब्युडेसोनाईड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोन, ती सूज उतरवतं. हे काही काल-परवाचं औषध नाही, बेक्लोमेथासोनचा पंप इंग्लंडमध्ये १९७२ ला आला, म्हणजे पन्नास वर्षांच्या वर झाली.

आता मात्रा बघा. २० किलोच्या मुलाला जोराचा अटॅक आला की डॉक्टर पोटातून प्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉईड देतात, किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला निदान २० मिलिग्रॅम, आणि असं तीन ते पाच दिवस. पंपातून त्याच मुलाला दिवसाला समजा २०० मायक्रोग्रॅम जातं, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा. १०० दिवस पंप घेतला तेव्हा कुठे २० मिलिग्रॅम होतात. दोन्ही औषधं वेगळी, त्यांची ताकद वेगळी, त्यामुळे तंतोतंत तुलना होत नाही पण अंदाज येतो, आणि पंप नियमित असला की त्या पोटातल्या डोसची वेळच कमी वेळा येते हे खरं महत्त्वाचं.

मग साईड इफेक्ट नाहीतच का? आहेत, आणि ते लपवायचं काही कारण नाही. उंचीचं सगळे विचारतात. अमेरिका आणि कॅनडात दम्याच्या १०४१ मुलांवर मोठा अभ्यास झाला, त्यात एका गटाला दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाईड चार ते सहा वर्षं दिलं. २००० मध्ये निकाल आला, की पंप घेणाऱ्या मुलांची उंची साधारण १ सेंटीमीटरने मागे राहिली आणि तो फरक मुख्यतः सुरुवातीच्या काळात पडला. तीच मुलं मोठी झाल्यावर परत मोजली, २०१२ मध्ये छापून आलं, तेव्हाही फरक १.२ सेंटीमीटरच, वाढत गेला नाही. म्हणजे बोटाच्या अर्ध्या पेराएवढा. उलट जे पोरगं रात्र-रात्र धापा टाकतं, जेवत नाही, झोपत नाही, त्याची वाढ तशीही खुंटते. तरी दर तीन-चार महिन्यांनी उंची आणि वजन मोजून वहीत लिहून ठेवा, डॉक्टरांना दाखवा.

तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात, आवाज बसू शकतो. त्यासाठी सोपं आहे, पंप दात घासायच्या आधी द्यायचा, सकाळी पण आणि रात्री पण, मग चूळ भरून थुंकायचं, गिळायचं नाही. लहान मुलाला पंप मास्क लावून देत असाल तर चेहरा पण ओल्या फडक्याने पुसा. मोठा डोस बरेच महिने चालू असेल तर तो एकदम कधीच बंद करू नका, शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवायचं कमी करतं आणि अचानक थांबवलं की पोरगं गळून जाऊ शकतं. डोस कमी करायचा तो डॉक्टरच करतील, साधारण तीन महिने दमा आटोक्यात राहिला की ते विचार करतात.

दोन पंपांची गल्लत करू नका

घरात बऱ्याचदा दोन पंप असतात. सालब्युटामॉलचा पंप आवळलेली नळी लगेच मोकळी करतो, पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं, म्हणून लोकांना तोच आवडतो. स्टेरॉईडचा पंप रोजचा, त्याने लगेच काहीच कळत नाही, एक-दोन आठवडे जातात आणि पूर्ण फरक पडायला कधी काही महिने लागतात. मग होतं काय, आठ दिवसांत आई म्हणते याने काही होत नाही, आणि नेमका कामाचा पंप कपाटात जातो. किंवा पोरगं बरं झालं म्हणून बंद करतात, पुढे दिवाळीला फटाके फुटतात, थंडी पडते, आणि परत ॲडमिट. बरं आहे ते पंपामुळे बरं आहे हो. आमच्याकडून नेताना दोन्हीवर आम्ही मार्करने लिहून देतो, एकावर "रोज" आणि एकावर "धाप लागली तर". तो मार्कर पुसला गेला तर परत लिहून घ्या.

स्पेसर, आणि तो कसा धरायचा

लहान मुलाला पंप नुसता तोंडात दाबून देऊ नका, औषध जिभेवर आणि घशात आपटतं, छातीत फार थोडं उतरतं. स्पेसर म्हणजे ती प्लास्टिकची नळकांडी, ती लागतेच. साधारण चार वर्षांपर्यंत मास्क लावून, त्यापुढे थेट तोंडात धरून.

टोपण काढा, आत काही अडकलं नाही ना बघा (एकदा एका पंपाच्या तोंडात शेंगदाण्याचं टरफल निघालं होतं), चांगला हलवा, स्पेसरच्या मागे बसवा. मास्क नाक आणि तोंड दोन्हीवर घट्ट, कडेने फट राहिली तर औषध बाहेरच्या हवेत जातं. मग एकदाच दाबा. एकदाच! दोन पफ लिहिलेत म्हणून दोन्ही एकाच वेळी दाबायचे नाहीत. मुलाला नेहमीसारखे पाच-सहा श्वास घेऊ द्या, व्हॉल्व्हचा टक-टक आवाज येतो तो मोजा, पोरं त्याचा खेळ करतात आणि स्वतःच मोजायला लागतात. मग अर्धा मिनिट थांबा, परत हलवा, दुसरा पफ. मोठं मूल असेल तर सावकाश खोल श्वास ओढून दहा आकडे मोजेपर्यंत रोखायला सांगा. रडणाऱ्या पोराला धरून-बांधून देऊन उपयोग नाही, रडताना औषध छातीत फारसं उतरत नाही, आधी शांत करा, बाहुलीला मास्क लावून दाखवा, मग द्या.

स्पेसर फडक्याने पुसू नका. ही चूक चांगल्या घरात होते, आई स्वच्छतेची म्हणून पदराने घासून चकचकीत करते, आणि घासल्याने प्लास्टिकला करंट धरतो, केसांना कंगवा ओढतो तसा, मग औषध भिंतीलाच चिकटून बसतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून बुडवा, काढा, न पुसता सावलीत वाळत ठेवा. नवीन आणला की एकदा, नंतर महिन्यातून एकदा.

वाफेचं मशीन लागतंच असं नाही. बहुतेक मुलांना स्पेसर तितकाच चालतो आणि लाईट गेली तरी चालतो, गावाकडे लाईटचं तुम्हाला माहीतच आहे. मशीनच घेणार असाल तर कॉम्प्रेसरवालं घ्या, अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये ब्युडेसोनाईडचं औषध नीट उडत नाही.

आपल्याकडचा उन्हाळा

पंपावर ३० डिग्रीच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ ला जातो. पत्र्याच्या घरात, मोटरसायकलच्या डिकीत, गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, डबी गॅसच्या दाबाची असते. माठाजवळच्या थंड कोनाड्यात ठेवा पण ओल लागू देऊ नका, आणि फ्रीजरमध्ये तर नाहीच. कॅप्सूलला दमट हवा चालत नाही, ती लागेल तेव्हाच पाकिटातून काढा.

पंप संपला की नाही ते हलवून कळत नाही, पाण्यात तरंगवून पण बघू नका. औषध संपल्यावरही गॅस फुस्स करतो आणि आपल्याला वाटतं चालू आहे. हिशोब मांडा, २०० पफचा पंप, सकाळी २ संध्याकाळी २, म्हणजे ५० दिवस. पहिल्या दिवसाची तारीख आम्ही डबीवर लिहून देतो.

कमी दिवसांची बाळं, आणि धूर

वेळेआधी जन्मलेल्या, काचेच्या पेटीत राहिलेल्या आणि २८ दिवस किंवा जास्त ऑक्सिजन लागलेल्या बाळाच्या फुफ्फुसाच्या आजाराला डॉक्टर क्रॉनिक लंग डिसीज किंवा बीपीडी म्हणतात. अशा बाळांत काहींनाच हे औषध लागतं, सगळ्यांना नाही, ते बाळाचे डॉक्टरच ठरवतील. शेजारच्या पोराला बरं वाटलं म्हणून त्याचा पंप मागून आणू नका. आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला, बारीक ताप, वजन उतरणं असेल तर टीबीची तपासणी आधी, त्यावर हा पंप नाही.

पंप चालू असला तरी धूर लांबच ठेवा. चुलीत कपाशीच्या काड्या जळत असताना पोरगं शेजारी बसलेलं असतं, थंडीत भरिताची वांगी भाजताना तर सगळं घरच भोवती. भरीत खा हो, पण भाजायच्या वेळी पोराला धूर जातो त्याच्या उलट बाजूला पाठवा. कापसाच्या जिनिंगमधून घरी आलेल्या बापाने कपडे बदलून मगच लेकराला उचलावं, आणि घरात बिडी-सिगारेट कोणीच ओढू नये, आजोबांनी पण नाही.

इथे थांबू नका

बरगड्यांमध्ये खड्डे पडतायत, पोरगं एक वाक्य धड बोलू शकत नाही, बाळ दूध ओढत नाही, ओठ निळसर दिसतायत, किंवा "धाप लागली तर"वाला पंप देऊनही फरक नाही, तर मेडिकलवर येऊ नका, १०८ लावा किंवा सरळ दवाखाना गाठा, रस्त्यात तोच पंप स्पेसरने देत राहा. अशा वेळी किती पफ द्यायचे ते डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठीवर लिहून घ्या आणि फ्रीजवर चिकटवा. रोजच्या पंपाचा अटॅकमध्ये उपयोग होत नाही.

चिठ्ठीशिवाय आम्ही स्टेरॉईडचा पंप देत नाही, ओळखीच्यांना पण नाही, राग मानू नका. पुढच्या वेळी पंप, स्पेसर आणि लेकरू तिघांना सोबत आणा, दुपारी दोनच्या पुढे काउंटरवर गर्दी नसते, आमच्यासमोर एक डोस देऊन दाखवा, कुठे चुकतंय ते तिथेच बघू. त्याचे पैसे नाहीत.