हाताला काही झालेलं नाही, तरी हात जळतो: स्ट्रोकनंतरचं विचित्र दुखणं

स्ट्रोक येऊन दोन-चार महिने झालेले असतात, पेशंट हळूहळू चालायला लागतो, घरचे जरा निवांत होतात आणि मग अर्ध्या अंगात आग सुरू होते, सुया टोचतात, पंख्याचा वारा लागला किंवा गार पाणी पडलं तरी कळवळायला होतं. हाताचा एक्सरे काढला तर काहीच सापडत नाही, कारण बिघाड हातात नाहीच, तो मेंदूत आहे. डेन्मार्कमधल्या १९९५ च्या एका अभ्यासात सुमारे ८ टक्के स्ट्रोक पेशंटना हा त्रास झालेला दिसला, म्हणजे अगदीच दुर्मिळ नाही.

१९०६ साली पॅरिसमध्ये देजरीन आणि रूसी या डॉक्टरांनी याचं वर्णन केलं आणि बोट ठेवलं मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमस या भागावर. वास सोडला तर बाकी बहुतेक सगळ्या संवेदना इथूनच मेंदूच्या वरच्या थरात जातात. पुढे कळलं की थॅलॅमस धड असला तरी दुखणं-गरम-गार वाहून नेणारी वाट खाली मेंदूच्या देठात तुटली तरी हेच होतं.

साधा एमआरआय फक्त कुठला भाग मेला ते दाखवतो. जिवंत भाग काय करतोय ते बघायला पेट स्कॅन लागतो. त्यात किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोजसारखं द्रव्य शिरेतून देतात, पेशी ते साखर समजून आत घेतात पण पुढे पचवू शकत नाहीत, त्यामुळे ते तिथेच अडकतं आणि जिथे खप जास्त तिथे चमकतं.

आता गंमत बघा. एवढं दुखतंय म्हटल्यावर थॅलॅमस पेटलेला दिसायला हवा ना? पण बऱ्याच पेशंटमध्ये आराम करताना मेंदूच्या स्ट्रोक झालेल्या बाजूचा थॅलॅमस उलट सुस्त असतो, साखर कमी खातो. आणि दुखऱ्या भागाला नुसतं हळूच चोळलं किंवा गार लावलं की काहींमध्ये त्याच थॅलॅमसमधला रक्तप्रवाह उसळतो! एरवी गप्प, डिवचलं की बेफाम. दुसऱ्या प्रकारच्या पेट स्कॅनमध्ये असंही दिसलंय की मॉर्फिन जिथे चिकटतं ते ओपिऑइड रिसेप्टर कमी झालेत, तेही मेलेल्या भागाच्या बाहेरपर्यंत. मॉर्फिन इथे फारसं का चालत नाही आणि डॉक्टर ॲमिट्रिप्टिलीन (मूळचं नैराश्यावरचं औषध) किंवा लॅमोट्रिजीन (मूळचं फिटवरचं औषध) का लिहून देतात, याचं थोडंफार उत्तर मला तरी इथे दिसतं.

पण हे सगळे अभ्यास मोजक्या पेशंटवरचे, त्यामुळे दुखणं सिद्ध करायला म्हणून महागडा पेट स्कॅन करायला धावू नका. निदान आजही टाचणी, गार-गरम वस्तू आणि पेशंटचं म्हणणं नीट ऐकून घेणं यावरच होतं.