जळगाव केळीचं मानांकन: स्वतःच्या नावाची नोंदणी आणि अर्ज अडतो कुठे

जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क, मिळालं. पण खोक्यावर ते वापरायचं तर चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून तुमचं स्वतःचं नाव लागावं लागतं. केळी पिकवणारा तर पात्र आहेच, कायद्याने पॅकिंग करणाराही अर्ज करू शकतो.

सरकारी फी १० रुपये. २०२० पूर्वी ती ५०० होती. कुणी हजारो मागत असेल, तर कशाचे ते आधी विचारा.

अर्ज, आधार, प्रतिज्ञापत्र हे सोपं. गाडी अडते ती सातबाऱ्यावर. लागवड मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची) असो की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), केळी वर्षभर शेतात उभी असते, पण ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइल अॅपवरच्या पीक नोंदीत, ती राहून जाते. नोंद राहिली, की नमुना बारावर, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकांच्या भागात, तो रकाना कोरा. शेतात घड लटकलेले आणि कागदावर पड जमीन! माणूस खरं बोलत असतो, तरी तो कागद त्याच्याच विरोधात जातो. म्हणून अर्जाआधी ताजा उतारा काढा, गट नंबरसमोर 'केळी' आहे का ते बघा.

उतारा अजून वडिलांच्या नावावर असेल तर वारस नोंद आधी करून घ्या. सामाईक खातं असेल तर भावांचं संमतिपत्र जोडा. वाट्याने केळी करणाऱ्याकडे बहुतेकदा लेखी करार नसतो; तो करून ठेवा. आधारवर 'पाटील', उताऱ्यावर आजोबांच्या काळचं आडनाव, एवढ्यानेही शंका निघते.

शहादा, शिरपूरकडच्यांनी नोंदणीच्या कागदातली हद्द नकाशासह तपासावी. केळी तीच असली तरी हद्दीबाहेरच्या गावाला हे नाव लावता येत नाही.

अर्जाची प्रत मानांकनाच्या नोंदणीधारक संस्थेला पाठवून तसं रजिस्ट्रीला कळवायचं असतं. पोचपावती जपून ठेवा.

मुदतीचा घोळही नेहमीचा. रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये नाव छापून आलं म्हणजे नोंदणी झाली असं नाही. तिथून हरकतीसाठी तीन महिने असतात, आणखी एक महिना वाढू शकतो. तोवर खोकी छापू नका. तुमची नोंदणी दहा वर्षांची, पण मूळ मानांकनाची मुदत आधी संपली तर तीही त्याच दिवशी संपते. म्हणून मूळ नोंदणीचं नूतनीकरण कधी आहे ते संस्थेला आजच विचारा.

आणि हे प्रमाणपत्र निर्यात परवाना नव्हे. आयात-निर्यात कोड आणि फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र वेगळंच काढावं लागतं.