सिस्टर लोकांची ॲसिडिटी : हे दुखणं आलं कुठून?

मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात सिस्टरच्या पर्समध्ये पॅन-डीची स्ट्रिप नाहीतर ईनोचं पाकीट सापडणारच, आणि कोणाला त्याचं काही वाटत पण नाही. गॅस, जळजळ, चार दिवस पोट साफ नाही आणि पाचव्या दिवशी अचानक जुलाब. वर ऐकवायचं काय, तर तुम्ही वेळेवर जेवत नाही, तिखट खाता, सारखा चहा ढोसता. म्हणजे दोष शेवटी तिचाच.

मुंबईत रात्रपाळी गिरण्यांमुळे सगळ्यांच्या अंगवळणी पडली. १८९० च्या दशकात गिरण्यांत विजेचे दिवे यायला लागले तसे कामाचे तास अंधारात घुसले, पुढे तीन पाळ्या झाल्या. पण गिरणगावात एक गोष्ट होती, खाणावळवाल्या बाया. कामगाराची पाळी कुठली हे त्यांना पाठ असायचं आणि त्या हिशोबाने ताट मिळायचं (याच बायांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं). केईएम हॉस्पिटल १९२६ ला सुरू झालं ते याच परळमध्ये, गिरण्यांच्या गराड्यात. तिथल्या रात्रीला मात्र असं ताट नव्हतं.

कायद्याचं पण तसंच. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने बाईला संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कारखान्यात कामाला लावायला बंदी घातली, सलग पाच तासांनंतर अर्धा तास सुट्टी दिली, २५० च्या वर कामगार असतील तिथे कँटीनची तरतूद केली. हॉस्पिटल म्हणजे कारखाना नाही, त्यामुळे वॉर्डातल्या सिस्टरला यातलं काहीच लागू नव्हतं. आता पेशंट रात्री पण आजारी असतो, सिस्टर लागणारच, त्याबद्दल वाद नाही, पण तो अर्धा तास आणि ते कँटीन तरी द्यायला कोणी अडवलं होतं?

पूर्वी हे थोडं झाकलं जायचं कारण बऱ्याच जणी हॉस्टेल नाहीतर क्वार्टर्समध्ये राहायच्या, मेस होती, ड्युटी संपली की पाच मिनिटांत खोलीवर. आता सिस्टर राहते बदलापूर, विरार, पनवेलला. नाइटला निघताना घाईत दोन घास, डबा उघडायचा मुहूर्त रात्री अडीच-तीनला, भाजी गार, पोळी चिवट, आणि दुसरा घास तोंडात घालेपर्यंत सहा नंबरच्या पेशंटचं सलाईन संपलेलं. सकाळी ओव्हर देऊन (पुढच्या पाळीच्या सिस्टरला पेशंट सोपवून) स्टेशनवर वडापाव, ट्रेनमध्ये डुलकी, घरी जाऊन आडवं. पाणी तर मुद्दामच कमी प्यायचं, बाथरूमला जायला सोडणार कोण, मग बद्धकोष्ठ होणार नाही तर काय. कोविडमध्ये २०२० ला पीपीई किट घालून तासन् तास पाण्याचा थेंब नाही, तेव्हा बाहेरच्यांना हे पहिल्यांदा दिसलं, सिस्टर लोकांना ते आधीपासून माहीतच होतं.

डॉक्टरी बाजूने बघितलं तर अल्सरचं खापर आधी मसाला आणि टेन्शनवर फुटायचं. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू शोधला (२००५ ला नोबेल मिळालं), आणि तो आपल्याकडे भरपूर जणांच्या पोटात असतो, त्यामुळे तपासून घ्यायलाच हवा. अंगदुखीला रिकाम्यापोटी घेतलेल्या डायक्लोफेनॅक या पेनकिलरने पण जठराला जखम होते, हेही सिस्टर लोकांना माहीत असतं आणि तरी घेतली जाते.

पण ड्युटीशी खरा संबंध आहे तो शरीरातल्या घड्याळाचा. १९७१ ला फळमाशीमध्ये या घड्याळाचं जनुक सापडलं, ते कसं चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल. पोटाला पण स्वतःचं घड्याळ असतं. जठरातलं ॲसिड साधारण रात्री १० ते २ मध्ये जास्त सुटतं, रात्री खाल्लेलं अन्न पुढे हळू सरकतं, मोठं आतडं रात्री जवळजवळ झोपतं आणि सकाळी उठल्यावर जागं होतं. तीनचा डबा म्हणजे दुकान बंद झाल्यावर शटर ठोठावणं. २०१० मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या संशोधकांनी ३९९ नर्सेसना विचारलं तेव्हा बदलत्या पाळ्या करणाऱ्यांमध्ये आयबीएस (पोटदुखी आणि कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब असा आतड्याचा जुनाट त्रास) ४८ टक्के निघाला, फक्त दिवसपाळीवाल्यांमध्ये ३१. म्हणजे नुसती नाइट नाही, पाळ्यांची अदलाबदल जास्त नडते.

ती अदलाबदल मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट अशी पुढे सरकली तर शरीराला त्यातल्या त्यात झेपते, उलटी फिरली की हाल. ड्युटी लिस्ट लावणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही, पण स्टाफ कमी, कोणीतरी रजेवर, मग सकाळी नाइट करून घरी गेलेल्या सिस्टरला दुसऱ्या दिवशी मॉर्निंगला बोलावतात आणि ती सकाळची पहिली लोकल पकडून चहा-बिस्किटावर वॉर्डात हजर होते.