कुड्याची साल आणि जीवाणूंचा पंप

उन्हाळा संपत आला की येऊरच्या डोंगरावर पांढऱ्या फुलांनी डवरलेली बुटकी झाडं दिसतात. त्यांतली बरीचशी कुड्याची. पावसाच्या तोंडावर आदिवासी बायका या फुलांची भाजी ठाण्याच्या बाजारात आणतात. वैद्यांना मात्र फुलांपेक्षा सालीत जास्त रस. आव पडली की दिलं जाणारं कुटजारिष्ट याच सालीचं.

पानांत तयार झालेली साखर सालीच्या आतल्या थरातूनच खाली मुळांकडे जाते. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी, जीवाणू आणि किडे तिच्यावर टपलेलेच असतात. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते सालीत कडू, विषारी रसायनं भरून ठेवतं. कुड्यात ती अल्कलॉइड गटातली, म्हणजे नायट्रोजन असलेली वनस्पतिजन्य रसायनं आहेत आणि त्यांतलं मुख्य म्हणजे कोनेसिन. त्याच्या रेणूत २४ कार्बन, ४० हायड्रोजन आणि २ नायट्रोजन अणू असतात.

ते वेगळं काढायची पद्धत जुनीच आहे. वाळलेल्या सालीची भुकटी सौम्य आम्लात भिजवली की अल्कलॉइड क्षाररूपात पाण्यात उतरतं. गाळलेल्या पाण्यात अमोनिया घातला की ते पाण्यात विरघळेनासं होतं, मग क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात ओढून घेता येतं. त्यातला थेंबभर पातळ थराच्या पट्टीवर चढवून अल्कलॉइड ओळखणारं ड्रॅगेनडॉर्फचं द्रावण फवारलं, की नारिंगी ठिपका उमटतो.

पुढची पायरी जीवाणूंची. ते पसरलेल्या बशीत अर्क टाकला आणि जीवाणू वाढल्यावर अर्काभोवती स्वच्छ वर्तुळ राहिलं, की ‘जीवाणूनाशक झाड सापडलं’ अशी बातमी होते. माझा अशा बातम्यांवर फारसा विश्वास नाही. बहुतेक सालींत टॅनिन हे तुरट रसायन भरपूर असतं, ते दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं आणि बशीत जीवाणू रोखूनही दाखवतं. पण पोटात गेल्यावर ते अन्नातल्या प्रथिनांनाही तसंच चिकटणार. म्हणून अर्काचे भाग पाडत, प्रत्येक भाग पुन्हा जीवाणूंवर तपासत, नेमकं काम करणारं रसायन शोधावं लागतं.

कोनेसिनची खरी गंमत मारण्यात नाहीच. रुग्णालयांत त्रास देणाऱ्या स्युडोमोनास जीवाणूच्या आवरणात पंप असतात. तळमजल्यात शिरलेलं पावसाचं पाणी सोसायटीवाले उपसतात, तसा हा जीवाणू आत आलेलं प्रतिजैविक बाहेर फेकतो. थायलंडमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की असा एक पंप जास्तच जोमाने चालवणाऱ्या जीवाणूंत कोनेसिन तो अडवतं. मग तेच जुनं प्रतिजैविक किमान आठपट कमी मात्रेत पुरतं. नवं औषध शोधण्यापेक्षा निकामी होत चाललेल्या औषधाला असा साथीदार मिळणं मला जास्त मोलाचं वाटतं.

अर्थात हे सगळं प्रयोगशाळेतलं. आमांशावर पूर्वी शुद्ध कोनेसिन देत, तेव्हा काही रुग्णांच्या मेंदूवर आणि मज्जासंस्थेवर त्याचे दुष्परिणाम दिसले होते. म्हणून साल सोलून घरी काढा उकळायच्या भानगडीत पडू नये. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथली साल काढणं हा गुन्हाही आहे. शिवाय खोडाभोवती पूर्ण पट्टा सोलला, तर मुळांची साखर तुटते आणि झाड मरतं.

बाजारातल्या सालीचीही खात्री नसते, कारण पांढऱ्या कुड्याच्या नावाखाली काळा कुडाही खपवला जातो. झाडावर शेंगा असतील तर फरक लगेच कळतो. दोन्हींना लांब, बारीक शेंगांच्या जोड्या लागतात, पण काळ्या कुड्याच्या शेंगा टोकाशी जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. बियांची, म्हणजे इंद्रजवाची, चवही निराळी: पांढऱ्याचा कडू, काळ्याचा गोडा. सोलून वाळवलेल्या सालीवर यातलं काहीच दिसत नाही. त्यामुळे प्रयोगाला साल घेतानाही ज्या झाडाची ती आहे त्याची फुलं, पानं, शेंगा वनस्पतितज्ज्ञाकडून ओळखून घेतात आणि मगच तिची भुकटी करतात.