आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि चोराचा चेहरा

‘जितके मेगापिक्सेल जास्त, तितका चोर ओळखू येणार’ ही समजूत बरीच वर्षं टिकून आहे. ती अर्धवट आहे. महत्त्वाचं असतं ते चेहऱ्याच्या वाट्याला किती पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, येतात. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार अनोळखी माणसाची ओळख पटवायला दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल लागतात.

आता हिशेब करू. आठ मेगापिक्सेलचं चित्र ३८४० पिक्सेल रुंद. लेन्स १०० अंशांची (म्हणजे तेवढ्या कोनातलं दृश्य टिपणारी) असेल, तर १० मीटरवर ती सुमारे २४ मीटर रुंदी टिपते. म्हणजे मीटरला जेमतेम १६०. कोणीतरी आलं होतं एवढं कळेल. माणूस अनोळखी असेल, तर कोण, ते नाही. उलट साधा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा ३० अंशांची लेन्स लावून फक्त फाटकावर रोखला, तर त्याच अंतरावर मीटरला साडेतीनशेच्या वर मिळतात! (अर्थात अंगण मग दिसत नाही.)

अंधारात लहान सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) पिक्सेल दाटीने कोंबले की चित्र खरखरीत होतं, ते वेगळंच. आणि कॅमेरा छताला टेकवून लावला, तर चोराची फक्त टोपी दिसते. निदान एक तरी दाराशी, चेहऱ्याच्या उंचीच्या आसपास हवा.