वाऱ्याचे कार्य : वाळवंट आणि मराठवाडा

कोरड्या, उघड्या जमिनीवरची माती-वाळू वारा उचलतो, वाहून नेतो, तिने खडक घासतो आणि जोर ओसरला की ती खाली टाकतो. याला वाऱ्याचे कार्य म्हणतात. वर्षाला २५० मिमीहून कमी पाऊस पडणाऱ्या वाळवंटात ते ठळक दिसते. तिथे जमीन धरून ठेवायला ओलही नसते आणि गवतही.

सारे काही कणाच्या जाडीवर ठरते. ०.१ मिमीहून बारीक धूळ हवेत तरंगत शेकडो किलोमीटर जाते. ०.१ ते ०.५ मिमीची वाळू उड्या मारत सरकते. एक कण आदळला की तो आणखी काहींना उडवतो. एकूण वाहतुकीचा निम्म्याहून अधिक भाग या उड्यांचाच असतो. त्याहून जाड कण नुसते ढकलले जातात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर वाळूची वाहतूक साधारण आठपट होते.

उडणारी वाळू बहुधा मीटरभर उंचीच्या आतच राहते. म्हणून खडक पायथ्याशी झिजतो आणि भूछत्र खडक तयार होतो. वाळूच्या टेकडीचा वाऱ्याकडचा उतार १० ते १५ अंशांचा, आडोशाचा मात्र ३० ते ३४ अंशांचा. त्याहून उभा झाला की वाळू घसरते. चंद्रकोरीसारख्या वाळूच्या टेकडीची, म्हणजे बारखानाची, शिंगे वारा जातो त्या दिशेला असतात. थरच्या वाळवंटात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या परवलयाकार टेकड्यांची टोके उलट, वारा येतो तिकडे असतात, कारण ती झुडपांनी धरून ठेवलेली असतात.

दुष्काळ पडला की मराठवाड्याचे वाळवंट होणार, असे बोलले जाते. वाळूच्या टेकड्या मात्र इथे व्हायच्या नाहीत. सरासरी पाऊस सातशे-आठशे मिमी आहे आणि खडक बेसाल्टचा. वाळू ज्या कठीण खनिजाची बनते तो क्वार्ट्झ त्यात जवळजवळ नसतो. बेसाल्ट झिजून मुख्यतः वाळू नव्हे, चिकण काळी माती होते. धोका वेगळा आहे आणि तो गंभीर आहे: पाण्याने होणारी धूप इथे मोठी असली, तरी उन्हाळी वावटळी मातीतला सर्वांत बारीक, सुपीक भाग नेतात. बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यावरच्या हलक्या, मुरमाड रानात मग खडेच वर उरतात. वाळवंटातली खड्यांची फरशी काही ठिकाणी याच प्रक्रियेने बनते.

०.८४ मिमीहून जाड ढेकूळ वारा सहसा उचलत नाही. कोरड्या रानात रोटाव्हेटर वारंवार फिरवला की ढेकळांचा फुफाटा होतो आणि हे संरक्षण जाते. ज्वारीची धसकटे वळवाच्या पावसापर्यंत तशीच ठेवावीत.

बांधावर शेवरी किंवा सुबाभळीची ओळ वाऱ्याला आडवी लावावी. मान्सूनपूर्व पश्चिमेच्या वाऱ्यासाठी ती दक्षिणोत्तर हवी. उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत आडोसा मिळतो. ओळ निम्मी विरळ, थोडा वारा आरपार जाऊ देणारी असावी. भिंतीसारख्या गच्च आडोशामागे वारा भोवरे घेतो. मधली रोपे मेली तर त्या फटीतून वारा अधिक जोराने घुसतो, म्हणून नांगे पुढच्याच पावसाळ्यात भरावेत.