बांधकाम परवानगी संगणकावर येण्याआधी

महाराष्ट्रातल्या बांधकाम नियमांची मुळे प्लेगच्या साथीपर्यंत जातात. १८९६ साली मुंबईत साथ आली, १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि घराला हवा-उजेड किती हवा, हा सरकारी विषय झाला. १९१५ चा नगररचना कायदा, मग १९५४ चा, अशी पावले पडत गेली.

आजही लागू असलेला कायदा १९६६ चा, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम (एमआरटीपी). त्यातले कलम ४५ सामान्य माणसाच्या बाजूचे आहे: अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते. अट अशी, बांधकाम नियमांत आणि विकास आराखड्यात काटेकोर बसले पाहिजे. पण ते बसते की नाही, हे अर्जदाराला ठामपणे कळणार कसे? २०२० पर्यंत नियमावली शहरागणिक वेगळी होती. सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येते), पार्किंग, जिन्याची रुंदी, सगळ्याचे आकडे हद्द ओलांडली की बदलायचे. त्यामुळे अशा 'मानीव परवानगी'वर विसंबून पाया खणायची हिंमत फार थोड्यांची. माझ्या मते परवानग्यांतल्या सगळ्या दिरंगाईचे मूळ इथेच होते.

पुण्यात तयार झालेल्या 'ऑटोडीसीआर'सारख्या, नकाशा नियमांशी ताडून पाहणाऱ्या संगणक प्रणालींनी या प्रश्नाला हात घातला. आर्किटेक्टने कॅडमधला (संगणकावर काढलेला) नकाशा ठरलेल्या लेयरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या थरांत, काढायचा: प्लॉटची हद्द एका लेयरवर, प्रस्तावित बांधकाम दुसऱ्यावर. प्रणाली अंतरे मोजते, क्षेत्रफळ काढते आणि कुठे किती कमी पडले ते अहवालात दाखवते. मात्र प्रत्येक शहराची नियमावली वेगळी, म्हणून प्रत्येक ठिकाणी ती नव्याने बसवावी लागे.

खरा बदल झाला डिसेंबर २०२० मध्ये. एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजेच यूडीसीपीआर, मंजूर झाली. बृहन्मुंबई, एमआयडीसीची औद्योगिक क्षेत्रे, नवी मुंबई विमानतळाभोवतीचे नैना क्षेत्र असे काही भाग सोडले, तर राज्यभर एकच नियम लागू झाले. बांधकामांची जोखमीनुसार वर्गवारी करून लहान प्लॉटवरच्या घरांच्या परवानगीची वाट सोपी केली. हे काम संगणकाचे नव्हे, नगररचना खात्याचे आणि मंत्रालयाचे. त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

त्यानंतरही दुरुस्त्या होत राहिल्या, आणि दर दुरुस्तीनंतर प्रणालीतला नियम बदलावा लागतो. शिवाय विकास आराखड्यातली झोनची (रहिवासी, शेती अशा वापर-विभागाची) रेघ जमिनीच्या एखाद्या गटाच्या मधूनच गेली असेल, तर नेमका किती भाग रहिवासी झोनमध्ये येतो, हे ठरवायला आजही मोजणी नकाशा आणि झोन दाखलाच लागतो.